आईच्या नावावरचं औषधपाणी

आमच्या घरात खात्याशिवाय पैसा बाहेर पडत नसे. सिंदीला, स्टेशनकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर, पुढे आमचं भांड्यांचं दुकान आणि मागे घर होतं. दुकानाचा हिशेब उमाळे दिवाणजी लाल वहीत लिहीत. त्याच वहीच्या मागच्या पानांवर घरखर्च असे: किराणा, दूध, पाहुणे, धर्मादाय, शिक्षण, औषधपाणी. पैसा खर्च झाला याचं दिवाणजींना काही वाटत नसे, पण तो कशात गेला हे ठरलं नाही तर त्यांना जेवण जात नसे. मी एकदा शाळेच्या गॅदरिंगसाठी चार रुपयांच्या रिबिनी आणल्या, तेव्हा त्यांनी चष्मा काढून मला विचारलं होतं, "बाई, नाच हे शिक्षण आहे का धर्मादाय?" मी शिक्षण म्हणाले. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि धर्मादायात टाकलं.

दुकान आणि घर यांच्यामध्ये एकच दार होतं आणि त्याला जाड पडदा होता. पडद्यापलीकडून दिवसभर आवाज येत. नावं टाकणारा कारागीर पायरीवर बसून छिन्नीनं ताटांवर "सप्रेम भेट" कोरत असे, त्याची टिकटिक. कोणी गिऱ्हाईक पितळी गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, बोटानं वाजवून पाहत असे, त्याचा घुमारा. मालगाडी गेली की फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत आणि दोन वाक्यांच्या मध्ये थांबून राहायची आम्हाला सवयच लागली होती. अजूनही मी बोलताना मध्येच थांबते, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं की मी विचार करते आहे. मी गाडी जाऊ देत असते. कापसाच्या दिवसांत बाहेर गाड्यांची रांग लागे आणि पडद्यावर, केसांत, कधी वरणातही कापसाचा एखादा तंतू सापडे. जेवण साधं असे: भाकर, वांग्याची भाजी, कधी पातोडीचा रस्सा. हिवाळ्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, स्वस्त झाला की आई सांबारवड्या करी आणि त्या दिवशी दिवाणजी हिशेब संपला तरी घरी जात नसत.

त्या पडद्यातून आत येणाऱ्यांत सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे मोठे बाबा, माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गावातल्या चार-पाच समित्यांचे ते अध्यक्ष होते आणि ज्या समितीचे नव्हते, तिच्या कार्यक्रमाला अध्यक्ष म्हणून जात. ते "दोन शब्द" बोलायला उभे राहिले की अनुभवी श्रोते भिंतीशेजारची जागा धरत. चारचौघांत त्यांची मराठी छापील असे. काळजीत किंवा रागात असले की ती गळून पडे आणि खालची आमची बोली बाहेर येई. त्यावरून आम्ही पोरं त्यांची खरी मनःस्थिती ओळखत असू. त्या वर्षी मार्गशीर्षात त्यांची एकसष्टी होती. तिच्यासाठी त्यांनी बँकेत वेगळी मुदतठेव ठेवली होती, गौरव समिती स्वतःच नेमली होती आणि मानपत्राचा मसुदाही स्वतःच केला होता. माझं अक्षर बरं म्हणून तो पक्का करण्याचं काम माझ्याकडे. "विनम्र" हे विशेषण ठेवावं की "निगर्वी", यावर आमच्या तीन दुपारी गेल्या. शेवटी दोन्ही ठेवली.

आई त्यांच्याशी बोलत नसे. भांडण वगैरे काही नव्हतं. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायचं नाही आणि त्याच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही रीत. आईच्या लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि अठरा वर्षांत दोघांमध्ये एक शब्द सरळ गेला नव्हता. एका खोलीत बसूनही बोलणं माझ्यामार्फत होई. "रेखे, मोठ्या बाबाले विचार, भात वाढू काय?" मी विचारत असे. "सांग तुझ्या आईला, अर्धाच." मी सांगत असे. दोघांत अंतर चार हात, ऐकू सगळ्यांना येत असे, तरी माझ्या तोंडून गेल्याशिवाय ते बोलणं झालं असं कोणी धरत नसे. मी अकरावीत गेले तरी माझी या कामातून सुटका झाली नव्हती.

तर पिंटूला, माझ्या धाकट्या भावाला, कावीळ झाली. तो दहा वर्षांचा होता आणि कावीळ होईपर्यंत कोणी त्याला एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सहा आठवडे अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलं. डोक्यावर काविळीची माळ घालून झाली, ऊस झाले, फुटाणे झाले, बिनतेलाची खिचडी झाली. पिंटू चौथ्या दिवशी खिडकीतून उतरून क्रिकेट खेळायला गेला. तेव्हा नागपूरच्या मामानं उपाय काढला. त्यानं टीव्ही गेम आणला: काळा डबा, त्याला दोन रिमोट, वर कॅसेट खोचायची खाच, आणि एक पिवळी कॅसेट, जिच्यावर हजारभर खेळ असल्याचं छापलं होतं आणि आत पाचच होते. साडेसातशे रुपये. बाबांनी पैसे दिले आणि दुकानात जाऊन दिवाणजींना रक्कम सांगितली.

"कायच्या खात्यात टाकू?" दिवाणजी म्हणाले.

"पोट्टं बिस्तऱ्यात राह्यलं पाह्यजे म्हणून आणलं ना जी," बाबा म्हणाले. "औषधच म्हणा."

दिवाणजींनी लिहिलं: औषधपाणी, चि. पिंटू, रुपये सातशे पन्नास. त्यात खोटं असं काही नव्हतं. पिंटू खरोखर सहा आठवडे बिस्तऱ्यात राहिला, आणि उठला तो त्या डब्याकडे मागे वळूनही न पाहता मैदानावर गेला. डबा आतल्या खोलीत काळ्यापांढऱ्या टीव्हीखाली पडून राहिला. त्याच्यावर आईनं विणलेला रुमाल घातला. आमच्या घरात ज्या वस्तूचं पुढे काय करायचं ते ठरलेलं नसे, तिच्यावर रुमाल घालत.

एक दिवस दुपारी कॉलेजातून लवकर आले तर रुमाल घडी करून बाजूला ठेवलेला, टीव्ही लागलेला, आणि आई चटईवर मांडी घालून बसलेली. हातात रिमोट. तिला माझी चाहूल लागली नाही. पडद्यावर वरून निरनिराळ्या आकाराच्या विटा पडत होत्या, त्या फिरवून फिरवून खाली अशा बसवायच्या की फट राहू नये. ओळ भरली की नाहीशी होते. भरली नाही तर थर चढत चढत वर येतो आणि खेळ संपतो. मी पिंटूला हा खेळ खेळताना पाहिलं होतं, तो तिसऱ्या मिनिटाला वैतागे. आईचा थर तळाशी दोन बोटं होता आणि विटा पावसासारख्या पडत होत्या.

"काय करून राह्यली वो आई?"

ती दचकली, पण हात थांबला नाही. "थांब, थांब. ही लांब येऊ दे." लांब वीट आली, चार ओळी एकदम गेल्या, आणि आई हसली. मी तिला पाहुण्यांसमोर हसताना पाहिलं होतं, लेकरांच्या खोड्यांवर हसताना पाहिलं होतं. एकटीनं, कोणासाठीही नाही, असं हसताना पहिल्यांदाच पाहत होते.

"माळ्यावर भांडे लावल्यासारखं आहे," ती म्हणाली. "फक्त इथं लावून झालं की कोणी खालचं काढाले सांगत नाई."

हे मला तेव्हा विनोद म्हणून आवडलं. खरं तर ती स्वतःचा व्यवसाय सांगत होती. भंडाऱ्याहून पितळी माल आला की दुकानात मावेल तेवढा पुढे राही, बाकीचा आमच्या माळ्यावर. गुंडात गंज, म्हणजे पातेली, गंजात डबे, डब्यांत वाट्या, सगळं एकात एक बसवण्याचं काम अठरा वर्षं आई करत होती. आणि दर वेळी, सगळं बसलं की पुढून हाक येई: "तो सगळ्यात खालचा मोठा गंज काढा वो!"

मग ते रोजचं झालं. जेवणं आटोपली, भांडी झाली, मोठी आई, म्हणजे मोठ्या बाबांची बायको, पलीकडच्या खोलीत आडवी झाली की दीड ते तीन. कॅसेट काढून तिच्यात फुंकर घालायची, पुन्हा खोचायची, पडदा भुरभुरला की अँटेनाची तार हलवायची. मी शेजारी मुरमुऱ्यात कच्चा कांदा, तेल आणि तिखट कालवून बसे. आईचे दोन्ही हात गुंतलेले असत म्हणून तिला मधूनमधून चमच्यानं भरवे. पुस्तक माझ्या मांडीवर असे. त्या वर्षी मी तालुक्याच्या वाचनालयातली निम्मी कपाटं वाचली, ती त्या खेळाच्या पिपाणीसारख्या सुरावर. आजही काही गंभीर कादंबऱ्यांचा विषय निघाला की माझ्या कानात तीच पिपाणी वाजते. त्या कादंबऱ्यांची त्याबद्दल तक्रार असायचं कारण नाही, सूर बरा होता.

खर्च वाढला तो विजेमुळे. सिंदीचा विजेचा दाब तेव्हा लहरी होता. गेमचा अडॅप्टर पहिल्याच उन्हाळ्यात जळला. पासष्ट रुपये. नवा आणला, तो पोळ्याच्या आधी गेला. चार अडॅप्टर जळल्यावर रेडिओ दुरुस्त करणारा म्हणाला की चारशेचा स्टॅबिलायझर घ्या, नाहीतर मला महिन्याच्या पगारावर ठेवा. स्टॅबिलायझर आला. रिमोटची बटणं आईच्या अंगठ्यांनी दोनदा झिजली, दोन रिमोट आले, नव्वद-नव्वदचे. आणि कॅसेटी. बाबा दर पंधरवड्याला वर्ध्याला जात. एकदा येताना त्यांच्या पिशवीत गोरसपाकच्या बिस्किटांच्या पुड्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही होतं. "पिंट्यासाठी आणली," ते म्हणाले आणि आईच्या हातात दिलं. पिंटू तेव्हा मैदानावर होता, अंपायरशी भांडत होता, त्याचा आवाज घरापर्यंत ऐकू येत होता. आईनं पुडकं घेतलं आणि बाबांना दुसऱ्यांदा चहा विचारला. बाबांनी अशा सात कॅसेटी आणल्या, सगळ्या पिंट्यासाठी. माझे आईवडील एकमेकांशी प्रेमानं बोलल्याचं मला आठवत नाही. या सात कॅसेटी आठवतात. त्यांचे सातशे तीस रुपये झाले. सव्वा वर्षात सगळे मिळून दोन हजार तीनशे वीस. तेवढ्यात तेव्हा पाचएक पितळी गुंड आले असते.

परवा पिंटूचा मुलगा मला त्याच्या मोबाईलवरचा सैनिक दाखवत होता. त्या सैनिकाच्या बंदुकीला त्यानं नवा रंग घेतला होता, साडेतीन हजारांना. बंदूक तीच, गोळ्या तेवढ्याच, रंग फक्त. पिंटू कपाळाला हात लावून बसला होता. मी त्या पोराला विचारलं की घरच्यांना काय सांगितलंस. म्हणाला, "ऑनलाइन क्लासचं मटेरियल." मला एकदम उमाळे दिवाणजींची आठवण आली. खेळाचा पैसा कुठल्याच घरात खेळाच्या नावावर लिहिला जात नाही.

दिवाणजींची अडचण अशी झाली, की पहिल्या अडॅप्टरच्या वेळी त्यांनी खातं विचारलं आणि बाबा घाईत म्हणाले, "मागचं टाकलं तिथंच टाका." पण पिंटू दुकानासमोरून सायकलचा टायर पळवत जाताना दिवाणजींना दिसत होता. अशा पोराच्या नावावर औषध लिहिणं त्यांच्या लेखणीला जमेना. त्यांनी पुन्हा विचारलं, "घरात कोणाले लागते हे?" बाबा खरं बोलणारे गृहस्थ. "पिंट्याच्या आईले," ते म्हणाले. दिवाणजींनी लिहिलं: औषधपाणी, सौ. कुसुमबाई. आणि मग सव्वा वर्ष लिहीतच गेले.

मोठे बाबा ती वही वर्षातून एकदाच, दिवाळीआधी, नव्या वह्या यायच्या सुमारास पाहत. आदल्या दिवाळीला एक-दोनच बारक्या नोंदी होत्या, त्या त्यांच्या नजरेतून सुटल्या. त्या वर्षी त्यांनी ती पाहिली तेव्हा मी पडद्यामागेच उभी होते. पानं उलटण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा मागे गेला. मग त्यांनी बाबांना बोलावलं.

"काऊन बे," मोठे बाबा म्हणाले, आणि आवाजातली छापील मराठी पार गेली होती, "कुसुमले काय झालं?"

बाबांनी फळीवरची एक वाटी सरळ केली.

"वर्षभरापासून औषध चालू आहे. दर महिन्याले वाढून राह्यलं. मले सांगतलं काऊन नाई?"

बाबांना खरं सांगायचं तर वहीतली नोंद चुकीची आहे असं म्हणावं लागणार होतं, आणि भांडी तोलून विकणाऱ्या घरात थोरल्या भावासमोर तसं म्हणणं म्हणजे काटा मारतो असं म्हणण्यासारखं. ते खाली पाहत राहिले. बाबांच्या गप्प बसण्याचा अर्थ मोठ्या बाबांनी दुःखाचा लावला. त्यांनी वही मिटली, धाकट्या भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नको. मी आहो."

त्या दिवसापासून आई आजारी झाली. मोठी आई स्वयंपाकघरात शिरली आणि आईला तिथून बाहेर काढलं. रोज मुगाची मऊ खिचडी येऊ लागली. दोन मावश्या आणि एक आत्या मोसंबी घेऊन भेटून गेल्या, आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून "आता तुलेच पाहा लागते घराकडे" म्हणाल्या. माळ्यावर चढायला बंदी. आईला अठरा वर्षांत पहिल्यांदा सबंध दुपार मिळाली, आणि सकाळही. पण भेटायला येणाऱ्यांमुळे टीव्ही लावता येईना. ती खाटेवर बसून भिंतीकडे पाहत राही आणि तिचे अंगठे आपोआप हलत. आत्यानं ते पाहिलं आणि बाहेर जाऊन सांगितलं की हात कापतात.

मोठे बाबा तिला सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी निरोप पोचवायला सोबत. कार्ड काढलं, रांगेत बसलो, रक्त दिलं, फोटो झाला. तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे कागद पाहून सांगितलं की रक्त जरासं कमी आहे, पालेभाज्या खा, डोळे थकलेले दिसतात, बाकी प्रकृती उत्तम. मी सुटकेचा श्वास सोडला. मोठे बाबा मात्र बसमध्ये सबंध वाट बाहेर पाहत बसले. सेलूच्या पुढे आल्यावर मला हळूच म्हणाले, "सव्वा वर्ष औषध, आणि यायले काही सापडत नाई. म्हणजे मोठंच काहीतरी आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुदतठेव मोडायचा अर्ज दिला. नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली. गौरव समितीला कळवलं की समारंभ होणार नाही. आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन मानपत्राची पक्की प्रत मागितली, तिची घडी केली आणि कपाटात खालच्या खणात, जुन्या वीजबिलांवर ठेवली. ज्या माणसाची आम्ही इतकी वर्षं पाठीमागे नक्कल केली, त्याला ते करताना पाहणं सोपं नव्हतं. त्यांना वाचून दाखवायला सगळ्यात आवडेल असा एकमेव कागद त्यांनी स्वतःच्या हातानं वीजबिलांवर ठेवला, आणि त्याबद्दल कोणाला दोन शब्दही बोलले नाहीत.

आईला हे मी सांगितलं. ती खाटेवरून उठली.

"माह्यासाठी?" ती म्हणाली. "एकसष्टी मोडली माह्यासाठी?" आणि मग, डब्यावरच्या रुमालाकडे पाहून, "त्या विटांसाठी."

बाबांनी तिला समजावून पाहिलं. नागपूरचा डॉक्टरही काही नाही म्हणेल, विषय मिटेल, नोंदीचं कोणाला कळणार नाही. "आन् तो पैसा?" आई म्हणाली. "आन् त्यायची एकसष्टी? ते बुढे माणूस माह्या काळजीनं जीव खाऊन राह्यले, मी मोसंब्या खाऊन राह्यली. मले नाई जमत." बाबांनी आणखी काही म्हणायच्या आत तिनं मला पुढे पाठवलं, मोठ्या बाबांना बोलावून आणायला.

बुधवारची दुपार होती. मोठे बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर बसले. आई पदर कपाळापर्यंत ओढून दाराशी उभी राहिली. मी मध्ये.

"रेखे," आई म्हणाली, "मोठ्या बाबाले सांग, मी आजारी नाई. ते सगळे पैसे त्या खेळात गेले. औषध म्हणून लिहिलं, ते चुकलं. पण दवाई एक पैशाची नाई."

मी सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही.

 मोठ्या बाबांनी खांद्यावरचा पंचा डोळ्यांना लावला. "सांग तुझ्या आईला," ते म्हणाले, "की माझा समारंभ वाचावा म्हणून तिनं स्वतःवर असला आळ घ्यायची गरज नाही. दोन हजार रुपये खेळण्यात! कुसुमसारखी बाई! असा त्याग मी ग्रंथांत वाचला होता, आज घरात पाहिला." आवाज चढत चालला होता. मला वाटलं आता ते उभे राहतील.

पलीकडच्या खोलीतून मोठी आई म्हणाली, "अवो, खरं सांगून राह्यली ते. आजारी माणूस असं हासते काय भरदुपारी? मी वर्षभर ऐकून राह्यली."

"तू गप बस. तुला कल्पना नाही." मोठे बाबा काही केल्या ऐकेनात. गुरुवारी सकाळी सातची गाडी, पैसे आजच बँकेतून आणायचे, ठरलं. आईनं माझ्याकडे पाहिलं. सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. तिनं पुढे होऊन रुमाल बाजूला केला, कॅसेटीत फुंकर मारली आणि टीव्ही लावला.

ती त्यांच्याकडे पाठ करून बसली नाही, तेवढाही अनादर तिला चालणार नव्हता. चटई तिरपी ओढून, पदर दातात धरून, एका कोपऱ्यातून तिनं बटण दाबलं. सुरुवातीला हात अडखळले. दोन विटा चुकल्या, फट राहिली. पुढे मग तिला लय सापडली. विटा वेगानं यायला लागल्या आणि त्यांच्याहून वेगानं आई त्या फिरवायला लागली. ओळी जात होत्या. मोठे बाबा आधी आईच्या हातांकडे पाहत होते, कापतात का ते. मग ते पडद्याकडे पाहायला लागले, आणि खुर्चीच्या कडेला आले. एक आडवीतिडवी वीट येऊन थर अर्ध्यावर चढला, तेव्हा त्यांच्या तोंडून "अबे!" असं निघालं. आईनं ती उलटी करून भिंतीलगत बारीक फटीत अशी सोडली की तीन ओळी गेल्या. आणि ती हसली. तोंड उघडलं तसा दातातला पदर सुटला, खांद्यावर आला, तिथून मांडीवर. तिला पत्ता नव्हता. तिच्या डोक्यावर मध्ये केस विरळ झाले होते, काही पांढरे होते. अठरा वर्षांत ते मोठ्या बाबांनी पाहिले नव्हते.

त्यांनी लगेच नजर जमिनीकडे नेली. मी आईला हाक मारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं मला थांबवलं. मग माझ्या कानाशी वाकले.

"सगळे पैसे यातच?"

मी मान हलवली.

"नागपूरचं रद्द," ते पुटपुटले. "बँकेतला अर्ज वापस घेऊन येतो. तुह्या आईले मधात थांबवू नको." आणि तो भारी देहाचा माणूस, ज्याच्या येण्याजाण्याची साऱ्या गल्लीला वर्दी मिळे, खुर्ची जराही न वाजवता उठला आणि पडदा दोन बोटांनी बाजूला धरून, खाली पाहत बाहेर गेला.

थर वर चढला तेव्हा बरीच मिनिटं गेली होती. पिपाणी थांबली. आई इतक्या पुढे कधी पोचली नव्हती. ती हसतच मागे वळली, रिकामी खुर्ची पाहिली, आणि तिचा हात डोक्याकडे गेला. तो तसाच राहिला.

"रेखे, कधी गेले ते?"

"मगाशीच," मी म्हणाले. "पदर पडायच्या आधी."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"आन् नागपूर?"

"रद्द म्हणे."

आईनं पदर सावकाश डोक्यावर घेतला, कानामागे खोचला. मग दाराकडे एकदा पाहिलं, आणि पुन्हा बटण दाबलं.